गेटवरच्या नोंदीवरून पगार कापू नका : गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समिती सदस्य,
पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नवी मुंबई, नाशिक आणि इतर शहरांतील सहकारी गृहनिर्माण संस्था

स. न. वि. वि.

सोसायट्यांच्या गेटवरची ॲप, सीसीटीव्ही आणि दप्तर यांचे काम आम्ही करतो. यंत्रणा बसवणे, वॉचमनला शिकवणे, बिघाड काढणे, महिन्याचे अहवाल तयार करणे हा आमचा रोजचा धंदा. त्यामुळे स्क्रीनवर दिसणारी नोंद कशी तयार होते आणि कुठे चुकते हे आम्हाला जवळून माहीत आहे. तुमच्याकडे एकच मागणे आहे. आत कोण आले हे कळण्यासाठी गेटची नोंद जरूर ठेवा, पण तिच्यावरून कुणाचा पगार कापू नका आणि कुणाचे काम घालवू नका. हा निर्णय ॲपच्या सेटिंगवर सोडू नका, सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या.

आधी नोंद कशी होते ते पाहू. घरकामाला येणाऱ्या ताईंचे नाव, मोबाइल नंबर, फोटो आणि बहुतेक ठिकाणी ओळखपत्राचा फोटो एकदा भरला जातो. त्यांना एक कोड मिळतो. रोज सकाळी त्या गेटवर कोड सांगतात, वॉचमन तो फोनवर टाकतो आणि त्या ज्या ज्या घरी काम करतात त्या सगळ्या घरांना ‘आल्या’ असा संदेश एकदम जातो. घरमालकाच्या ॲपमध्ये त्या दिवसावर हजेरीची खूण पडते. महिनाअखेरीस त्या खुणा मोजून पगार काढायची सोय असते आणि तिथेच गोंधळाला सुरुवात होते.

ही हजेरी गेटची आहे, घराची नाही. ताई पाच घरी कामाला असतील आणि तब्येत बरी नाही म्हणून तीनच घरे करून गेल्या, तरी पाचही घरी हजेरी लागते. उलट गेटवरचे इंटरनेट सकाळी साडेसात ते नऊ बंद पडले आणि वॉचमनने नंतर वहीतून नोंदी चढवल्या नाहीत, तर त्या वेळात आलेल्या सगळ्या बायकांचा सगळ्या घरी खाडा पडतो. दुसऱ्या गेटने आत गेले तरी असेच होते, कारण मागच्या गेटवर बहुधा फोनच नसतो. वॉचमनच्या फोनची बॅटरी संपली, सिमचा रिचार्ज संपला, ॲप अपडेट मागत अडकले, ही कारणे आम्हाला दर आठवड्याला दिसतात.

बाहेर पडल्याची नोंद तर त्याहून कच्ची. दुपारी बारा ते एकच्या सुमारास शाळेच्या बस, कुरिअर, पाण्याचे टँकर आणि घरी परतणाऱ्या बायका एकाच वेळी गेटवर असतात. वॉचमन आत येणाऱ्यांची नोंद करतो, बाहेर जाणाऱ्यांना हात दाखवून सोडतो. संध्याकाळी ॲप सांगते की अमुक ताई अजून आतच आहेत. मग ‘किती तास काम केले’ या रकान्यात नऊ तास दिसतात, किंवा काहीच दिसत नाही. या रकान्यावर विसंबून कुणाशी वाद घालू नये, इतका तो बिनभरवशाचा आहे.

हिशेब मांडून पाहा. एका घरचे महिना ३,००० रुपयांचे काम असेल तर एका खाड्याचे १०० रुपये होतात. पाच घरे आणि इंटरनेटमुळे पडलेले दोन खोटे खाडे धरले तर एका बाईच्या महिन्याच्या कमाईतून १,००० रुपये जातात. तिच्या घरात हा किराणा असतो. ती आली होती हे पाचही घरांना ठाऊक असते, पण पगार काढणारी व्यक्ती आणि दार उघडणारी व्यक्ती वेगळी असली की फोनवरचा आकडाच खरा मानला जातो. ताईंच्या हातात ते ॲप नसते, म्हणून आपला खाडा कधी पडला हे त्यांना पगाराच्या दिवशीच कळते.

पुण्यात १९८० साली घरकामगार बायकांनी काम बंद ठेवले, संघटना उभी केली आणि पगारवाढ व हक्काची सुट्टी मागितली. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. या सगळ्या काळात सुट्टी हा ताई आणि घरची बाई यांच्यात बोलून ठरणारा विषय होता. भांडण होई, तडजोड होई, पण दोघींना आपली बाजू मांडता येई. आता खाडा कुणी न बोलता पडतो. म्हणून आमचे सांगणे असे, की हजेरी आणि पगाराचा हिशेब ही सोय सोसायटीच्या पातळीवर बंद करा. सेवा देणाऱ्या कंपनीला लेखी मेल पाठवा, ती सोय बंद झाल्याचे उत्तर लेखी घ्या. कंपनी नाही म्हणाली, तर किमान सभासदांना नोटीस काढून कळवा की ही नोंद पगारासाठी ग्राह्य नाही. हजेरी हवीच असेल तर स्वयंपाकघरात टांगलेल्या कॅलेंडरवर दोघींनी मिळून खूण करावी. ती दोघींना दिसते आणि चूक त्याच दिवशी दुरुस्त होते.

गुण देण्याच्या सोयीबद्दल आम्ही याहून ठाम आहोत. अनेक ॲपमध्ये घरकामगार, ड्रायव्हर, गाडी धुणारे यांना तारे देता येतात, शेरे लिहिता येतात आणि नवीन माणूस शोधणारे घर ते पाहून निवड करते. ज्यांच्याबद्दल लिहिले जाते त्यांना ते दिसत नाही, उत्तर देता येत नाही. दोन वर्षांपूर्वी पगारवाढ मागितली म्हणून रागाने दिलेला एक तारा आजही तसाच राहतो. एवढेच नाही, त्या कोणत्या घरी किती ते किती असतात, कुठली वेळ मोकळी आहे, हेही काही ॲप सगळ्या सभासदांना दाखवतात. एका बाईचा दिवसभराचा ठावठिकाणा तीनशे घरांना दिसणे हे सुरक्षेचे काम नव्हे. हे दोन्ही रकाने बंद करा.

कोड बंद होण्याचा प्रश्न वेगळा आणि फार त्रासाचा. एका घराने ताईंना आपल्या यादीतून काढले तर बाकी घरांचे काम चालू राहते. शेवटच्या घराने काढले की मात्र काही यंत्रणांमध्ये कोड आपोआप मरतो. ज्या दिवशी काम सुटते त्याच दिवशी नवीन काम विचारायला आत जाण्याची वाटही बंद होते. कोड किमान ६० दिवस चालू ठेवायला सांगा, किंवा काम शोधायला येणाऱ्यांसाठी सोसायटी कार्यालयापर्यंतचा वेगळा पास ठेवा. प्रवेशबंदी हा प्रकार तर एका सभासदाच्या बोटावर असूच नये. तक्रार लेखी हवी, समितीने संबंधित व्यक्तीला बोलावून ऐकले पाहिजे, निर्णय इतिवृत्तात यायला हवा आणि त्याला मुदत हवी. चोरीचा संशय असेल तर पोलीस ठाणे आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून ‘हिला कामावर ठेवू नका’ असे लिहिणे कुणीही केले तरी अध्यक्षांनी तासाभरात ते काढायला लावावे. एकदा फिरलेला फोटो शेजारच्या चार सोसायट्यांत जातो आणि नंतर दागिना घरातच सापडला तरी तो फोटो परत येत नाही.

मोबाइल नंबरची अडचण साधी आहे आणि सुटणारी आहे. बऱ्याच घरांत एकच फोन असतो, तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो. जावा-जावा एकाच नंबरवर नोंदवल्या की काही यंत्रणा दोघींना एकच माणूस समजतात आणि फोटो न जुळल्याने गेटवर अडवतात. कोड फोनवर पाठवण्याऐवजी छापील कार्डावर द्या. नाव, फोटो, कोड, सोसायटीचा शिक्का. लॅमिनेशनसकट खर्च किरकोळ येतो. कार्ड हरवले तर नवीन फुकट द्या.

ओळखपत्राबाबत समित्या सर्रास जास्तीचे गोळा करतात. आधारच्या दोन्ही बाजूंचा फोटो वॉचमनच्या फोनवर काढला जातो. तो ॲपमध्ये जातो आणि त्या फोनच्या गॅलरीतही राहतो. वॉचमन बदलला, फोन दुरुस्तीला गेला, तरी फोटो तिथेच असतात. पोलीस पडताळणी झाल्याची पोच फाइलला लावा, तेवढे पुरे. ओळख पटवायचीच असेल तर शेवटचे चार आकडे दिसणारे मास्क केलेले आधार पाहा आणि परत द्या, प्रत ठेवू नका.

इथे कायद्याची बाजूही आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील. घरगुती वापराची सूट त्यात व्यक्तीला आहे, संस्थेला नाही. माहिती कशासाठी आणि किती घ्यायची हे सोसायटी ठरवत असेल तर जबाबदारी सोसायटीची, ॲपची कंपनी तिच्या वतीने काम करते. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांमध्ये वाचता येण्याची सोय द्यावी लागते, त्यामुळे कलबुर्गीहून आलेल्या ताईंना कन्नडमध्ये आणि बंगालहून आलेल्यांना बंगालीत ती मागता येईल. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या सोसायटीला एवढा दंड होईल असे आम्ही म्हणत नाही, पण ‘आम्हाला माहीत नव्हते, कंपनी बघते’ हे उत्तर चालणार नाही. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागेल. खेळायला येणाऱ्या मुलांचे फोटो गेटवर काढणाऱ्या सोसायट्यांनी ते आताच थांबवावे.

आता सुरक्षा, कारण प्रत्येक समिती ॲपचे समर्थन सुरक्षेच्या नावाने करते. ती खरोखर हवी असेल तर लक्ष घरकामगारांवरून काढून या दोन गोष्टींवर लावा.

पहिली, जुने भाडेकरू. लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. भाडेकरू जातो, पण ॲपमधून त्याचा नंबर कुणी काढत नाही. पुढचे अनेक महिने त्या फ्लॅटला येणाऱ्या पाहुण्याची परवानगी त्याच्याही फोनवर जाते आणि तो गमतीने किंवा चुकून ‘होय’ दाबू शकतो. गेटमधले हे सर्वात मोठे भोक आहे. करार संपण्याची तारीख भरायचा रकाना बहुतेक यंत्रणांमध्ये असतो, तो सक्तीचा करा. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात व्यवस्थापकाने फ्लॅटवार नंबरांची यादी काढून करारांच्या फाइलशी ताडावी. दोनशे फ्लॅटसाठी हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

दुसरी, कॅमेरे. ‘आमच्याकडे महिन्याचे रेकॉर्डिंग असते’ असे सचिव सांगतात आणि प्रसंग आला की दहा-अकरा दिवसांचेच निघते. गणित सोपे आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ या चित्रण दाबून साठवण्याच्या पद्धतीने सेकंदाला २ मेगाबिट वेगाने सतत रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला २१.६ जीबी जागा खातो. असे १६ कॅमेरे म्हणजे दिवसाला साधारण ३४६ जीबी. ४ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवीन चढू लागते. तीस दिवस हवे असतील तर साडेदहा टीबीच्या आसपास जागा लागते, म्हणजे डिस्क वाढवा किंवा जिने-पार्किंगसारख्या ठिकाणी हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग अशी सोय लावा. गेटचा कॅमेरा मात्र सतत चालू ठेवा. डिस्क चोवीस तास रेकॉर्डिंगसाठी बनवलेलीच घ्या, साधी संगणकाची डिस्क अशा वापराला टिकत नाही. रेकॉर्डरला यूपीएस द्या आणि त्याचे घड्याळ इंटरनेटवरून जुळते आहे ना हे महिन्यातून एकदा पाहा. घड्याळ चाळीस मिनिटे मागे असले की गेटची नोंद आणि चित्र जुळत नाही, आणि ज्याच्यावर संशय आहे त्याला निर्दोष ठरवणारा पुरावाच हाती लागत नाही. पोलिसांना चित्रण देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते, त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली तर लगेच कळेल असा तिचा खास आकडा, नोंदवावे लागते. हे काम करणारा माणूस आधीच ठरवून ठेवा. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्या दिवशीच बदला. आणि समितीतल्या सात जणांच्या मोबाइलवर चोवीस तास चालणारे थेट चित्रण बंद करा. कोण किती वाजता कुणाबरोबर लिफ्टमध्ये चढले हे पाहणे समितीचे काम नाही.

वॉचमनचे काम या यंत्रणेने पार बदलले, त्याकडे कुणी पाहिले नाही. बारा तासांच्या पाळीत तो मान खाली घालून फोन दाबत असतो. डिलिव्हरीवाला आला की नंबर विचारायचा, फोटो काढायचा, फ्लॅट निवडायचा, उत्तराची वाट पाहायची, उत्तर नाही आले तर फोन लावायचा. फोनमधल्या बॅटरी बचतीच्या सेटिंगमुळे सभासदाला संदेश मिळतच नाही आणि दोष वॉचमनला लागतो. संध्याकाळी सात ते नऊ गेटवर दहा-बारा डिलिव्हरीवाले उभे असतात. गेटवर गेलेली मिनिटे त्यांच्या पुढच्या फेरीतून जातात आणि पावसाळ्यात ते भिजत उभे असतात. जेवण आणि किराणा आणणाऱ्यांना त्या वेळात सरसकट प्रवेश देण्याची सोय वापरा, पत्र्याचा आडोसा, पिण्याचे पाणी आणि संडास उपलब्ध करा. प्रत्येक वॉचमनला वेगळा लॉगिन द्या. चौघे एकाच लॉगिनवर काम करतात तेव्हा चुकीची नोंद कुणी केली हे कळत नाही आणि शिक्षा पाळीवर सापडलेल्याला होते. रात्रीच्या गस्तीसाठी भिंतीवर चिकटवलेल्या क्यूआर कोडऐवजी एनएफसीचे, म्हणजे फोन अगदी जवळ नेल्यावरच वाचले जाणारे, टॅग लावा. क्यूआरचा फोटो काढून केबिनमध्ये बसून स्कॅन करता येतो, साधा एनएफसी टॅग फोटोतून फसत नाही.

व्हॉट्सॲपबद्दल थोडक्यात. सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवा, त्यात फक्त ॲडमिनना लिहिता येईल असे करा. गप्पांचा ग्रुप वेगळा. सभेची नोटीस ग्रुपवर टाकली म्हणजे बजावली असे समजू नका. वार्षिक सभेला उपविधींप्रमाणे पूर्ण १४ दिवसांची नोटीस लागते, ती फलकावर लावा आणि स्मार्टफोन न वापरणाऱ्या ज्येष्ठांना हातात द्या. थकबाकीदारांची यादी ग्रुपवर टाकू नका. समिती बदलते तेव्हा चेकबुक आणि शिक्क्याबरोबर ॲपचे मुख्य लॉगिन, सोसायटीचा ईमेल, रेकॉर्डरचा पासवर्ड आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप यांचीही यादी करून सही घ्या. मुख्य लॉगिन कुणाच्या खासगी नंबरवर ठेवू नका, सोसायटीच्या नावाचे सिम घ्या. निवडणुकीनंतर जुने सचिव लॉगिन देत नाहीत आणि तीन महिने सोसायटी अडकते, असे प्रसंग टाळता येण्यासारखे आहेत.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यायची असते, म्हणून विषय ऑगस्टमध्येच विषयपत्रिकेवर आणा. ठरावाचा मसुदा आम्ही देतो, हवा तसा बदला: “गेटवरील प्रवेशाची नोंद केवळ सुरक्षेसाठी ठेवली जाईल. ती पगार, कपात किंवा कामावरून काढण्यासाठी वापरली जाणार नाही. कामगारांना गुण देण्याची व त्यांचे वेळापत्रक सभासदांना दाखवण्याची सोय बंद राहील. ओळखपत्राच्या प्रती ठेवल्या जाणार नाहीत. प्रवेशाच्या नोंदी एक वर्षानंतर पुसल्या जातील. प्रवेशबंदीचा निर्णय संबंधित व्यक्तीचे म्हणणे ऐकून समिती लेखी घेईल आणि तो तीन महिन्यांनी पुन्हा तपासला जाईल. कामगारांना आपली नोंद पाहण्याचा व दुरुस्त करून घेण्याचा हक्क राहील, त्यासाठी दर शनिवारी सकाळी ११ ते १ कार्यालय खुले असेल.”

सभेआधी सोसायटीत काम करणाऱ्या ताई, ड्रायव्हर आणि वॉचमन यांना अर्धा तास बोलवा, पगार न कापता. मसुदा मोठ्याने वाचून दाखवा आणि काय राहिले ते विचारा. ठराव मंजूर झाला की त्याची मराठी आणि हिंदी प्रत गेटच्या बाहेरच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर लावा, खाली व्यवस्थापकाचा नंबर द्या. ॲपच्या कंपनीशी करार नव्याने करताना हाच ठराव कराराला जोडा आणि करार संपल्यावर सगळा डेटा सोसायटीला देऊन स्वतःकडचा पुसल्याचे पत्र कंपनी ३० दिवसांत देईल, असे कलम त्यात घाला.

आपले,
सोसायट्यांची गेट यंत्रणा, सीसीटीव्ही आणि दप्तर सांभाळणारे आम्ही काही जण